खारेपाटातला कच्चा रस्ता: कापड टाकल्यावर भराव किती लागतो?

प्रश्न असा आहे: पेण-अलिबागच्या खारेपाटात, खारबंधाऱ्याच्या आतल्या पडीक भातखाचरांतून कोळंबीच्या तलावांपर्यंत ५०० मी. लांब आणि वर ३.७५ मी. रुंद असा कच्चा रस्ता करायचा आहे. खाली काळी-निळी खाडीची चिकण. वर्षभरात भरलेल्या गाड्यांच्या दोनेक हजार फेऱ्या होतील. ठेकेदार म्हणतो डबर टाकत राहू, कधीतरी बसेल. जिओटेक्स्टाइल (जमीन आणि भराव यांच्यामध्ये अंथरायचं कापड) टाकलं तर फायदा होईल का, कोणतं घ्यावं आणि वर भराव किती टाकावा?

फायदा होतो, पण बहुतेकांना वाटतं त्या कारणाने नाही. कापड ताणलं जातं, गाडीला झोळीसारखं उचलून धरतं, म्हणून जितकं मजबूत कापड तितका भराव कमी, असा समज आहे. ती झोळी काम करायला लागते तेव्हा चाकोरी १०० मिमीपेक्षा खोल गेलेली असते आणि गाड्या नेमक्या त्याच चाकोरीतून चालत असतात. तुमच्या रस्त्यावर चाकोरी ५०-७५ मिमीच्या आत ठेवायची आहे. तिथे कापडाची कामं दोन: दगड आणि चिकण एकमेकांत मिसळू न देणं, आणि चिकणीला बाजूला फुगून वर येऊ न देणं.

दुसऱ्या कामाचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. मऊ चिकणीवर दाब वाढत गेला की आधी चाकाखालचा थोडा भाग कातरतो. हे तिच्या कातरशक्तीच्या (इंजिनिअर जिला सी-यू म्हणतात) सुमारे ३.१४ पट दाबाला सुरू होतं. पूर्ण ढासळायला ५.१४ पट दाब लागतो. कापड नसेल तर पहिल्या पायरीलाच दगड चिकणीत घुसतात आणि चाकोरी खोल होत जाते. कापड असेल तर दुसऱ्या पायरीच्या जवळपास जाता येतं. जिरू आणि न्वारे या अभियंत्यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत यावरच उभी आहे. अमेरिकेच्या वनखात्याने १९७७ मध्ये जंगलातल्या रस्त्यांसाठी दिलेले गुणकही तेच सांगतात: हजारावर फेऱ्या आणि ५० मिमीच्या आत चाकोरी हवी असेल तर कापडाशिवाय २.८, कापडासह ५.०.

म्हणून सगळ्यात आधी चिकणीची कातरशक्ती मोजा. इथे खर्च वाचवू नका, कारण पुढचा प्रत्येक आकडा तिच्यावर टेकलेला आहे. साधं हँड व्हेन शिअर यंत्र (चिकणीत खुपसलेली पाती फिरवायला लागणारा जोर मोजणारं) पुरेसं आहे. दर ५० मीटरला, एकदा मध्यरेषेवर, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या चाकाच्या जागी, २५, ५०, ७५, १०० आणि १२५ सेंमी खोलीवर वाचन घ्या. खाडीच्या चिकणीची प्लास्टिसिटी (ओली असताना न तुटता आकार घेण्याचा गुण) जास्त असते, त्यामुळे व्हेनचं वाचन खऱ्यापेक्षा वर जातं. ते ०.८ ने गुणून घ्या. सरासरी काढू नका. खालच्या चतुर्थांशातला आकडा धरा. यंत्र हाती नसेल तेव्हाचा ढोबळ अंदाज असा: मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटींतून बाहेर आली तर २० किलोपास्कलच्या आत, बोटांच्या हलक्या दाबाने आकार घेत असेल तर २० ते ४०. हा अंदाज यंत्र मागवण्याआधीचा आहे, संकल्पनासाठी (डिझाइनसाठी) वापरू नये.

मोजणी कधी करता यावर बरंच ठरतं. मार्च ते मे या काळात खाचरांचा वरचा अर्धा मीटर सुकून कडक होतो, भेगा पडतात, आणि व्हेन ४० किलोपास्कल दाखवतो. त्याच जागी जुलैत पाणी तुंबलेलं असताना तो आकडा निम्म्याहूनही खाली येतो. उन्हाळ्यातच मोजावं लागत असेल तर कवचाखालच्या ओल्या थराचं वाचन संकल्पनासाठी घ्या आणि कवचाला फुकटचा लाभ समजा.

आता उदाहरण घेऊ. गुणून-कापून कातरशक्ती १५ किलोपास्कल आली असं धरू. सीबीआरच्या (जमिनीची ताकद प्रमाणित खडीच्या टक्क्यांत सांगणारा आकडा) भाषेत हे सुमारे ०.५. मागच्या आसाच्या एका बाजूची जोडचाकं ५६ किलोन्यूटन वाहतात (११.५ टनांचा आस, म्हणजे कायदेशीर मर्यादा), हवेचा दाब ६२० किलोपास्कल. मग टेकलेल्या जागेची त्रिज्या १७ सेंमी येते. भरावातून दाब पसरतो तो प्रत्येक बाजूला खोलीच्या ०.६ पट. चिकणीवरचा दाब कातरशक्ती गुणिले गुणक यापेक्षा कमी हवा. कापडाशिवाय ही मर्यादा ४२ किलोपास्कल आणि भराव ८० सेंमी. कापडासह मर्यादा ७५ आणि भराव ५३ सेंमी.

हा पहिला अंदाज. त्यात फेऱ्यांची संख्या थेट येत नाही. जिरू आणि हान यांचं २००४ चं सूत्र फेऱ्या, चाकोरीची खोली आणि भरावाचा कडकपणा धरतं. त्यात २,००० फेऱ्या आणि ७५ मिमी चाकोरी घातली की कापडासह ६५-६६ सेंमी आणि कापडाशिवाय ८८ सेंमी येतात. दोन पद्धतींतला फरक पाहून गोंधळू नका. या रस्त्यासाठी कापडासह ६५ सेंमी घ्या, तुलनेसाठी कापडाशिवाय ९० धरा. त्या सूत्रातली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: भराव जमिनीपेक्षा पाचपटीहून कितीही कडक असला तरी फायदा पाचपटीइतकाच धरला जातो. म्हणजे तळाला महागडी निवडक खडी घालून जाडी घटवता येत नाही.

जाडी कशाने बदलते हेही पाहून ठेवा. पहिल्याच पद्धतीने, कातरशक्ती १५ ऐवजी १० निघाली तर ५३ चे ७१ सेंमी होतात. ३० निघाली तर २९ पुरतात. गाडी जास्त भरून चाकावर ८० किलोन्यूटन आले तर ५३ चे ६३. आणि कापडाची ताणशक्ती दुप्पट केली तर? या हिशेबात काहीच बदलत नाही. कापडावर जास्त पैसे घालण्याआधी मोजणीचे बिंदू वाढवा आणि गाड्यांच्या वजनावर नियंत्रण ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

मालाचा हिशेब. बाजूचा उतार १ ला २ धरला तर ६५ सेंमीच्या भरावाची तळरुंदी ६.३५ मी. आणि दर मीटरला ३.२८ घनमीटर दाबलेला माल. ५०० मीटरला १,६४० घनमीटर, म्हणजे ५८० ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून सव्वापट धरून गाडीतला सुट्टा माल सुमारे ७२५ ब्रास मागवावा लागेल. कापडाशिवाय ९० सेंमी केले तर याहून सुमारे ३७५ ब्रास सुट्टा माल जास्त. कापड ३,८६० चौ.मी. लागतं (कसं ते पुढे). म्हणजे दर १० चौ.मी. कापडामागे एक ब्रास वाचतो. तुमच्या जागेवर पोचलेल्या एका ब्रासचा दर आणि १० चौ.मी. कापडाचा शिलाई-मजुरीसह दर शेजारी ठेवा, निर्णय समोर येईल. कापडाविना टाकलेल्या डबराचा तळचा थर चिकणीत गडप होतो, तो तोटा यात धरलेलाच नाही. ठेकेदाराचं ‘कधीतरी बसेल’ यात नेमका हाच माल जातो.

कापड कोणतं? पॉलिप्रॉपिलीनचं, आश्टो एम २८८ च्या (अमेरिकेतल्या राज्यांच्या रस्ते-खात्यांच्या संघटनेचं मानक) वर्ग १ मधलं. ग्रॅब ताकद (चिमट्यात धरून ओढल्यावर फाटेपर्यंतचा जोर) विणलेल्याला किमान १,४०० आणि न विणलेल्याला ९०० न्यूटन. सीबीआर पंक्चर (दांडा कापडातून आरपार घुसायला लागणारा जोर) अनुक्रमे २,७५० आणि १,९२५ न्यूटन. छिद्राचा आकार ०.४३ मिमीपेक्षा मोठा नको. हे आकडे टाकताना-पसरताना कापड फाटू नये म्हणून आहेत. आपल्याकडे यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:५९ (२०१९) ही मार्गदर्शिका आहे. सरकारी निधीचं काम असेल तर तिचा आधार द्यावा लागतो. विक्रेत्याकडून प्रत्येक लॉटचा चाचणी अहवाल मागा. नुसतं ग्रॅम प्रति चौ.मी. सांगून कापड विकणाऱ्याकडून घेऊ नका.

जिओग्रिड (मोठ्या भोकांची प्लास्टिकची जाळी) चांगली, पण अशा चिकणीवर एकटी नको. तिच्या भोकांतून चिकण वर येते आणि खडीच्या फटी भरते. ग्रिड घ्यायचीच तर खाली न विणलेलं कापड हवं. ग्रिडचा लाभ जिरू-हान सूत्रात तिची चौकट पिळली जाण्याला करते त्या विरोधावरून येतो, ताणशक्तीवरून नाही. विक्रेत्याने तो आकडा दिला नाही तर लाभ शून्य धरा.

काथ्याचं कापड कोकणात अनेकांना जवळचं वाटतं, आणि २०२० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात त्याला मान्यताही मिळाली. काथ्या ओल्यात काही वर्षांत कुजतो. तोवर चिकण भरावाखाली दबून थोडी कडक झालेली असते, हा त्यामागचा विचार. हलक्या वाहतुकीला तो पटतो. दोन हजार भरलेल्या फेऱ्यांच्या रस्त्याला, जिथे चिकण वर्षानुवर्षं दबत राहणार आहे, तिथे मी पॉलिप्रॉपिलीनच घेईन.

भराव कसला? इथे जांभ्याचा मोह आवरावा लागतो. चिरेखाणीतली खपटं आणि जांभ्याचा मुरूम जवळ आणि स्वस्त मिळतो, पण जांभा चाकाखाली भुगा होतो आणि सतत ओला राहिला की त्याचीच चिकण बनते. तळचा थर कायम पाण्यात असणार. म्हणून खालचे ५५ सेंमी काळ्या दगडाचा क्रशर रन (क्रशरमधून न चाळता निघालेला लहान-मोठा मिश्र माल) घ्या: कमाल ७५ मिमी, बारीक मालही हवा, पण ७५ मायक्रॉनखालची पूड १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. मोठं डबर कापडावर थेट टाकू नये. त्याचे कोपरे कापड फोडतात आणि मोठ्या दगडांखाली पोकळ्या राहतात. वरच्या १० सेंमीला मात्र कठीण मुरूम योग्य. त्याचा प्लास्टिसिटी इंडेक्स ४ ते ९ मध्ये असला की तो बांधून राहतो. त्याहून कमी असेल तर उन्हाळ्यात उधळतो, जास्त असेल तर पावसात निसरडा होतो.

जागा तयार करताना सगळ्यात जास्त नुकसान जेसीबी करतो. सवयीने बॉक्स कटिंग (रस्त्याच्या रुंदीची खाच खोदणं) केलं की सुकलेलं कवच, म्हणजे तुमच्याकडची सर्वात मजबूत जमीन, निघून जाते. खाली उरतो रेंदा, आणि पहिल्या पावसात त्या खाचेचं तळं होतं. काहीही खोदू नका. धसकटं जमिनीलगत कापा, मुळं राहू द्या, बांधांचे उंचवटे तेवढे हाताने सपाट करा, खड्डे वाळूने भरा. काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, उघाडी (बंधाऱ्यातलं पाणी सोडायचं दार) नीट बंद होत असल्याची खात्री करून घ्या. उघाडीचं झडप गळत असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाचरात खारं पाणी शिरतं आणि तयार केलेली जागा दोन दिवसांत परत मऊ होते. कापड अंथरण्याचे दिवस भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीत धरले तर हा धोका कमी होतो.

कापड रस्त्याला आडवं अंथरा. रोल ५ मी. रुंद असेल तर तळरुंदी ६.३५ अधिक दोन्हीकडे अर्धा मीटरच्या आसपास, म्हणजे ७.५ मीटरचे तुकडे. अशाने जोड चाकोरीच्या दिशेने पडत नाहीत आणि रोलच्या लांबीची दिशा रस्त्याला आडवी येते, जिथे ओढ असते. सीबीआर ०.५ असताना तुकडे एकमेकांवर किमान १ मी. चढवायला हवेत किंवा शिवायला हवेत. चढवून केलं तर १२५ तुकडे आणि ४,६९० चौ.मी. कापड. हातमशिनने दुहेरी टाका शिवला तर १०३ तुकडे आणि ३,८६०. वाचलेल्या ८००हून जास्त चौ.मी.मध्ये शिलाईचा खर्च सहसा निघतो, आणि चिकण हलली तरी शिवण उघडत नाही. शिवण वर ठेवा, म्हणजे तपासता येते. कुठे चढवणी केलीच तर आधीच्या तुकड्याची कड नंतरच्या तुकड्याच्या वर असावी. उलट केलं की पुढे ढकललेला माल कड उचलतो आणि खडी थेट चिकणीवर जाते. एका दिवसात झाकता येईल तेवढंच अंथरा. पॉलिप्रॉपिलीन उन्हात खराब होतं, चौदा दिवसांपेक्षा जास्त उघडं ठेवू नये.

आता पहिला थर. बहुतेक रस्ते इथेच बिघडतात. पहिला थर ३० सेंमी, एकदम. ‘आधी १५ टाकू, रोलर फिरवू, मग १५’ ही पक्क्या जमिनीवरची पद्धत इथे घातक आहे. १५ सेंमीवरून कुठलीही गाडी गेली की चिकण फुगते. ३० सेंमीवर काय चालेल तेही मोजता येतं. ट्रॅक्टरची एक ब्रासची ट्रॉली, चाकावर २५ किलोन्यूटन, हवा ३०० किलोपास्कल: चिकणीवर ६८ किलोपास्कल येतात, मर्यादा ७५. चालते. भरलेली हायवा (मोठा डंपर): १४५ किलोपास्कल. थोड्या फेऱ्यांसाठी आणि खोल चाकोरी चालवून घेऊन गुणक ६ धरला तरी मर्यादा ९०. चालत नाही. म्हणजे हायवाने रस्त्याच्या पक्क्या टोकाला ढीग करायचा, पहिल्या थराचा सुमारे ३८० ब्रास सुट्टा माल ट्रॉलीने पुढे न्यायचा, ट्रॉलीने आधीच पसरलेल्या भरावावरच रिकामं करायचं, आणि रुंद पट्ट्याच्या पोकलेनने तो पुढे कापडावर ढकलायचा. उघड्या कापडावर कुठलंही चाक किंवा पट्टा जाता कामा नये. ट्रॉलीनेही पहिल्या थरावर वळू नये. उलट मागे यावं. ठेकेदाराला हे संथ वाटेल. हायवा थेट आत घालायचा त्याचा आग्रह असेल तर वरचे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवा.

पसरताना मधून सुरुवात नको. दोन्ही कडा थोड्या पुढे आणि मध्य मागे, असा घोड्याच्या नालेसारखा आकार ठेवा. कडांचं वजन कापड धरून ठेवतं आणि मग मध्य भरला की ते ताणलं जातं. पुढच्या तोंडाशी चिकणीची लाट उठताना दिसली तर ढकलणं थांबवा. त्या जागी थर जाड झालाय किंवा कातरशक्ती तुम्ही धरली त्यापेक्षा कमी आहे. लाट कापून टाकू नका, दोन दिवस थांबा, कडांचं वजन वाढवा, परत व्हेन लावा.

पहिल्या थरावर व्हायब्रेशन बंद. कंपनाने चिकणीतलं पाणी कापडातून वर येतं, खडी ओली होते आणि जमीन गादीसारखी हलायला लागते. पोकलेनच्या पट्ट्यांनी आणि साध्या स्थिर रोलरने दाबा. दुसरा थर २५ सेंमीचा. एकूण ५५ झाले की हायवाचा दाब ७१ किलोपास्कलवर येतो आणि ती तयार भागावरून मागे येत पुढे माल टाकू शकते. हलकं व्हायब्रेशन इथून पुढे. मुरमाचा थर टाकण्याआधी भरलेल्या गाड्या मुद्दाम चाकं बदलत फिरवा. जिथे ५०-७५ मिमी चाकोरी पडेल तिथे वरून क्रशर रन भरा.

चाकोरी ग्रेडरने किंवा पोकलेनच्या बकेटने सपाट करू नये, हे कामाच्या वेळी आणि नंतरच्या दुरुस्तीतही. उंचवटे खरवडून खड्ड्यात लोटले की रस्ता सरळ दिसतो, पण चाकाखालची जाडी कमी झालेली असते आणि पुढच्या वेळी पातं कापडालाच लागतं. चाकोरी नेहमी बाहेरच्या मालाने भरायची. यासाठी ४०-५० ब्रास क्रशर रन आणि मुरूम पहिल्या पावसाआधी रस्त्याच्या टोकाला साठवून ठेवा.

पाण्याचं काय? वरचा उतार मध्यापासून दोन्हीकडे ४ ते ५ टक्के, कोकणच्या पावसात याहून कमी नको. कडेला लगेच गटार खोदू नका. पायथ्याशी खणलेला चर म्हणजे बाजूने फुगणाऱ्या चिकणीला दिलेली वाट. चर हवाच असेल तर पायथ्यापासून किमान ३ मी. दूर आणि उथळ. भरावाचं पाणी बाहेर पडावं म्हणून खालचा क्रशर रन बाजूच्या उतारावर उघडा राहू द्या, मुरमाने झाकू नका. खाचरांतलं पाणी आरपार जायला मोऱ्या लागतात. ह्यूम पाइपाखालीही कापड आणि ३० सेंमी खडी द्या आणि पाइप मधोमध ८-१० सेंमी उंच धरून बसवा, कारण ६५ सेंमीच्या भरावाचे १३ किलोपास्कल आठ मीटर जाडीच्या चिकणीला साधारण १० सेंमी खाली बसवतात, मध्यभागी जास्त, आणि हे बसणं वर्षानुवर्षं चालू राहतं. कापडाने ते थांबत नाही. रस्त्याची पातळी ठरवताना तेवढी उंची आधीच जास्त धरा.

काम सुरू करण्याआधी आखणी तहसील आणि वनखात्याच्या कांदळवन नकाशावर तपासा. खारबंधाऱ्याच्या आतही खारफुटी उगवलेली असते. कांदळवन आणि त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय भराव टाकता येत नाही. बंधाऱ्याच्या माथ्यावरून किंवा त्याला चिकटून रस्ता नेऊ नका, गाड्यांच्या भाराने बंधारा सरकतो आणि मग सगळं खाचर खाडीत जातं.

आणि जिथे ठेकेदाराने आधीच डबर टाकलं असेल आणि ते अर्धं बुडालं असेल, ती जागा उपसू नका. डबर आणि रेंदा यांचं ते मिश्रण मूळ चिकणीपेक्षा बरंच असतं. वर आलेले मोठे दगड बाजूला करा, खड्डे कचने किंवा वाळूने भरून सपाट करा, व्हेन आत जात नसेल तर पहारीने खोली आणि मऊपणा तपासा, आणि त्यावर कापड अंथरून तोच क्रम पहिल्यापासून करा. तिथे पहिला थर २५ सेंमीचा चालू शकतो, पण कापड एक वर्ग वरचं घेण्यापेक्षा त्याखाली ५ सेंमी वाळूचा बिछाना द्या, म्हणजे खालच्या दगडांच्या टोकांनी ते फाटत नाही.